सुचेता आत्याची डावी करंगळी

आमच्या सुचेता आत्याला कोणी ‘तुमचं चुकलं’ म्हटल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. सोसायटीचे चेअरमन नोटीस लावायच्या आधी तिला दाखवायला आणतात आणि तिची वाचून होईपर्यंत लिफ्टजवळ शाळेतल्या मुलासारखे हात मागे बांधून उभे राहतात. भाईंदर पश्चिमेच्या बाजारात ती दिसली की भाजीवाल्याचा तराजू आपोआप सरळ होतो. आणि त्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, कडक इस्त्रीची साडी नेसून आत्या कॉम्प्युटरपुढे बसली आणि त्या डब्याने तिला तोंडावर सांगितलं: पासवर्ड चुकीचा आहे.

आत्याने मागे वळून पाहिलं. मागे मी होते.

“हा मला म्हणतोय?”

“तूच बसलीयेस ना समोर.”

“चुकीचा? मी टाकलेला?”

असं ती म्हणाली ना, की मलाच कानाखाली बसल्यासारखं वाटलं. तिने परत टाइप केलं. ताठ मान, नजर समोरच्या भिंतीवर, बोटं खाली टकटकटकटक. परत तेच. पासवर्ड चुकीचा आहे. आत्याचा चेहरा असा झाला, जसा भर वर्गात हेडबाईंना चपराशी ‘गप बसा’ म्हणाला तर होईल.

आत्या म्हणजे माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही, कारण विचारलं तर म्हणते, “डिक्टेशन घ्यायची हौस ऑफिसात फिटत होती.” फोर्टातल्या एका सॉलिसिटरच्या ऑफिसात तिने आख्खी नोकरी काढली, टाइपिस्ट म्हणून लागली आणि टाइपिस्ट म्हणूनच रिटायर झाली. आम्ही गिरगावातून इथे आलो तशी तीही आमच्याबरोबर आली, आणि मागची खोली तिची झाली. गिरगावात ज्या क्लासमध्ये ती टायपिंग शिकली तिथले सर म्हणे बोटांवर कापड टाकायचे. कापडाखाली हात, वर सरांची पट्टी. कापडाकडे बघितलं तरी पट्टी. तेव्हापासून आत्या टाइप करताना खाली बघत नाही, आणि स्क्रीनकडे तर अजिबातच बघत नाही. “बघायचं काय त्यात? बोटांना माहीत असतं.” हे ती अशा आवाजात सांगते, जसं आपण सूर्य पूर्वेला उगवतो म्हणतो.

रिटायर झाल्यावरही थोडं काम घरी यायचं. मग तेही थांबलं. “साहेब आता मोबाइलशी बोलतात आणि मोबाइल टाइप करतो,” आत्या सांगायची. “चुकीचं करतो. पण करतो.” एवढं बोलून ती गप्प बसायची, आणि आत्या गप्प बसली की घरात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो.

मग तिला त्या कामाबद्दल कळलं. कॉलेजात ज्या मुलांना ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी वर्गात सर जे बोलतात ते कोणीतरी तिथल्या तिथे टाइप करायचं. मुलाच्या समोरच्या स्क्रीनवर ते उमटत जातं. एक संस्था घरबसल्या हे काम देते. आत्याने ऐकलं आणि जेवण अर्ध्यावर सोडून उठली. मी तिला विचारलं, एवढं काय त्यात, तर म्हणाली, “पिंके, मी आजवर जे टाइप केलं ते फायलीत गेलं आणि फाइल कपाटात. कोणी वाचलं की नाही, देव जाणे. इथे ती मुलगी समोर बसून वाचणार. मी लिहितेय तेव्हाच वाचणार.”

तर त्या कामाची ती टेस्ट होती. भरती वर्षातून एकदाच. अकराच्या आत लॉगिन करायचं, आणि ते फक्त आधी नोंदवलेल्या कॉम्प्युटरवरून. म्हणजे याच डब्यावरून. म्हणजे जो आत्याला ओळखायला तयार नव्हता, त्याच्यावरून.

“पंढरी!” आत्याने हाक मारली.

बाबा दसऱ्याला जोडून रजेवर होते. ते बनियनवर आले. बाबांचा आवाज बारा महिने सर्दी झाल्यासारखा असतो. “काय झालं ताई?”

“हा मला आत घेत नाही.”

“कॅप्स लॉक बघ.”

आत्याने बाबांकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरकले. “पंढरी, मी हायकोर्टाची अपिलं टाइप केलीयेत.”

“हो, पण कॅप्स लॉक...”

“कॅप्स लॉक!”

“बरं, नाही तर नाही. वायर हलवून बघतो.”

बाबांकडे सगळ्या आजारांवर हे एकच औषध आहे. टीव्ही, मिक्सर, गीझर, वायर हलवून बघतो. ते टेबलाखाली घुसले, वायर हलवली, डोकं आपटलं, “आई गं” म्हणाले आणि बाहेर आले. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आत्या बसली. ताठ मान, भिंत, टकटकटकटक.

पासवर्ड चुकीचा आहे.

“हॅक!” बाबा एकदम ओरडले. “ताई, हॅक झालाय. परवाच बातमी होती.”

‘हॅक’ म्हटल्यावर आत्याने साडीचा पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला, जसं काही तो हॅकर खिडकीतूनच बघतोय.

मी धावत खाली जाऊन हितेनभाईंना घेऊन आले. हितेनभाई आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात, त्यांचं स्टेशनच्या रस्त्यावर मोबाइल-कॉम्प्युटर रिपेरिंगचं दुकान आहे. त्यांच्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी आवाज एक जिना चढतो. ते पोटावर हात फिरवत आले.

“सूं थयुं, सुचेताबेऽऽन? अरे कल का फाफडा-जलेबी अब्बी तक इधर बैठेला है, और तुम्हारी छोकरी मेरेको भगाती हैऽऽ.”

मग त्यांनी चप्पल दाराबाहेर काढली, कॉम्प्युटरपुढे आले, डब्यावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाला दोन बोटं लावून ती कपाळाला लावली आणि खुर्चीत बसले. बाबांनीही जाता जाता नमस्कार करून घेतला.

“हां, बोलो बेन. कल इसमें कुछ किया था?”

“काल? काल हातसुद्धा लावला नाही!” आत्या म्हणाली.

“खरंच,” बाबा म्हणाले. “दसऱ्याला आम्ही यंत्र चालवत नाही. पूर्ण आराम.”

“पेन ड्राइव लगाया?”

“नाही.”

“कोई नया सॉफ्टवेर?”

“अहो, हात लावला नाही म्हणतेय ना!”

“बच्चा लोग गेम खेला?”

तिघांनीही माझ्याकडे बघितलं. “काल दिवसभर मी गोडदेवला मैत्रिणीकडे होते!” मी म्हटलं, आणि हे खरं होतं.

हितेनभाईंनी खुर्चीत मागे रेलून डॉक्टरांसारखा चेहरा केला. “तो फिर बेन, मेरेको लगता है... फॉर्मेट मारना पडेगाऽऽ.”

“म्हणजे?”

“सब साफ. नया करके देता हूं. शाम को ले जाना.”

“आणि त्यातली नोंदणी? टेस्टची?”

“वो तो गया नाऽऽ.”

आत्या पलंगावर बसली. खरं तर बसली नाही, पलंगच तिच्याखाली आला. मी तिला पाणी दिलं, तिने ग्लास हातात धरला आणि तसाच धरून ठेवला. घड्याळ समोरच्याच भिंतीवर होतं, ज्या भिंतीकडे बघून ती टाइप करते, आणि आता ती पहिल्यांदाच भिंत न बघता घड्याळ बघत होती. अकरा जवळ आले होते.

“एक काम करो,” हितेनभाई म्हणाले, “पासवर्ड बोलो, मैं डालता हूं.”

आत्याने ग्लास खाली ठेवला.

“बोलू?”

“हां, बोलो.”

“मोठ्याने? चार माणसांत?”

“ताई, घरचीच माणसं आहेत,” बाबा म्हणाले.

“घरच्या माणसांपासूनच ठेवायचा असतो तो! आमच्या ऑफिसात एका मुलीने पासवर्ड नुसता नवऱ्याला सांगितला होता, तर साहेबांनी तिला...” साहेबांनी काय केलं ते आत्याने सांगितलं नाही. सांगण्यासारखं नसावं.

“ठीक छे, तुम खुद डालो. मैं आंख बंद करता हूं.”

हितेनभाईंनी खरंच डोळे मिटले. आत्या परत बसली, मान ताठ केली, टकटकटकटक, आणि यावेळी स्क्रीनवर वेगळंच वाक्य आलं. खूप वेळा चुकीचा पासवर्ड टाकल्यामुळे खातं काही वेळासाठी बंद केलं आहे.

“बंद केलं?” आत्याचा आवाज फाटला. मी तो आवाज अजून काढून बघतेय, मला जमत नाहीये. “मला बंद केलं? माझ्याच खोलीत?”

आणि समोर अकरा वाजले. वाजले म्हणजे आमच्या घड्याळाला टोले नाहीत, पण आम्हा सगळ्यांना ऐकू आले.

बाबा खाली वाकून वायरकडे बघायला लागले, ती हलवायचीही त्यांची हिंमत होईना. हितेनभाईंनी एक डोळा उघडला. “बेन,” ते हळू म्हणाले, पहिल्यांदाच जिना न चढता, “वो पासवर्ड के बाजू में आंख का चित्र है ना, वो दबाओ. तुमने क्या डाला वो दिखेगा. हम लोग बाहर जाते हैं.”

“आता बघून काय करायचंय?”

“देखो तो सही.”

आम्ही बाहेर गेलो. हॉलमध्ये भिंतीकडे तोंड करून तिघं उभे राहिलो, कारण आत्याने दरवाजा लोटून वर सांगितलं होतं, “भिंतीकडे तोंड!” आतून टकटकटकटक. मग काहीच नाही. मग अशी किंकाळी की समोरच्या फ्लॅटचा कुत्रा भुंकला.

“एक अक्षर खातोय!”

आम्ही आत धावलो. स्क्रीन आत्याने पदराने झाकली होती, आणि ती डावा हात डोळ्यांसमोर धरून करंगळीकडे टक लावून बघत होती.

“डावी करंगळी,” ती म्हणाली. “मी दाबतेय. येत नाहीये. इतक्या वर्षांत या बोटाने मला कधी फसवलं नाही.”

“ताई, बोटाचा काय दोष...”

“मग कोणाचा?”

हितेनभाईंनी कीबोर्ड उचलला. आत्याचा कीबोर्ड जुना, उंच बटणांचा. टाइपरायटरसारखा आवाज यावा म्हणून तिने हट्टाने शोधून आणलेला. त्यांनी तो उलटा केला आणि मागून थापट्या मारल्या. टेबलावर काहीतरी टपकलं. लाल. मग अजून एक. मग चार-पाच एकदम.

बाबा वाकले. “हे तांदूळ आहेत.”

“तांदूळ नाहीत,” आत्या अगदी हळू म्हणाली. “अक्षता.”

कोणी कोणाकडे बघेना. मी कॉम्प्युटरकडे बघितलं. डब्यावर कुंकवाचं स्वस्तिक, स्क्रीनवर हळदीचं बोट, माऊसच्या वायरला झेंडूचं फूल अडकवलेलं. सकाळपासून आम्ही सगळे त्याच्याकडेच बघत होतो! हितेनभाईंनी तर नमस्कारसुद्धा केला होता!

“काल हात लावला नाही म्हणालीस ना?” मी म्हटलं.

“नाहीच लावला,” आत्या म्हणाली. “पूजा केली.”

“पण अक्षता...”

“पूजा म्हणजे हात लावणं नव्हे!” पण आवाजात दम नव्हता. तिने एक अक्षता उचलून तळहातावर घेतली. काल तिने इथे उभं राहून, डोळे मिटून, उद्या याला नीट चालू दे म्हणून मूठभर अक्षता वाहिल्या होत्या. सगळ्या कीबोर्डवर. प्रेमाने.

हितेनभाई हसत होते. पोट धरून हसत होते. “अरे बेऽऽन, तुम्हारा तो भगवान ने ही लॉक...” आणि मध्येच थांबले. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यातून सगळा रंग उतरला.

“क्या हुआ?” बाबांनी विचारलं.

“कल,” हितेनभाई म्हणाले, “मैंने दुकान में... कस्टमर लोग का सब लॅपटॉप... लाइन में रखके...” त्यांनी हाताने अक्षता टाकल्यासारखं केलं. चप्पल हातात घेऊन जिन्यावरून खाली पळाले, आणि खालपर्यंत “हे भगवान, हे भगवान” ऐकू येत होतं, दर मजल्याला एकेक.

आत्याला मात्र हसू आलं नाही. कीबोर्ड ठीक झाला होता, बंद केलेलं खातं उघडलं होतं, कॉम्प्युटरने तिला मुकाट्याने आत घेतलं होतं. आणि टेस्टच्या पानावर लिहिलं होतं, लॉगिनची वेळ संपली. ती त्या ओळीकडे बघत राहिली.

“फोन कर,” बाबा म्हणाले. “खाली नंबर दिलाय. आणि ऐक, लाइट गेली होती म्हणून सांग. इथे जाते, सगळ्यांना माहितीये.”

आत्याने फोन लावला. स्पीकरवर. तिकडून एक कोवळा, घाईतला आवाज आला, “हॅलो, मनाली बोलतेय, भरती विभाग.”

“मी सुचेता. सकाळच्या तुकडीत होते. मला लॉगिन करता आलं नाही.”

“ओके मॅडम, कारण काय लिहू?”

बाबा समोर उभे राहून बल्ब बंद झाल्यासारखे हात करत होते. विझला, विझला. आत्याने त्यांच्याकडे पाठ फिरवली.

“काल दसरा होता. मी यंत्राची पूजा केली. अक्षता बटणाखाली अडकली, त्यामुळे एक अक्षर उमटत नव्हतं. चूक माझी आहे. लिहा.”

बाबांनी कपाळावर हात मारला.

“सॉरी मॅडम... काय अडकली?”

“अक्षता. तांदूळ. कुंकू लावलेले.”

“एक मिनिट होल्ड करा हं.” तिने होल्ड केलंच नाही, फोन नुसता हाताने झाकला असावा, कारण आतून स्पष्ट ऐकू आलं, “अगं, अक्षता! कीबोर्डमध्ये! नाही गं, खरंच!” आणि मग कोणीतरी खुर्चीवरून पडल्यासारखं हसलं. मग मनाली परत आली, घसा खाकरत. “मॅडम, नियमाने नाही बसवता येत. पण दुपारच्या तुकडीत एक जागा कदाचित रिकामी राहील. एका बाईंची मशीनच आत घेत नाहीये त्यांना, सकाळपासून फोन करतायत.”

बाबांनी दोन्ही हातांनी ‘घे, घे’ केलं.

आत्या म्हणाली, “त्यांना आधी कीबोर्ड उलटा करून झटकायला सांगा.”

मी बाबांकडे बघितलं. बाबांचं तोंड उघडं होतं. ते मिटायचं राहून गेलं.

“मॅडम,” मनाली म्हणाली, “त्यांचं चालू झालं तर तुमची जागा जाईल.”

“ते मला कळतंय. पण त्या बाई आत्ता काय भोगत असतील तेही मला कळतंय.”

तिकडून मनालीचा आवाज आला, पण वेगळा, घाई नसलेला. “थांबा. मी वर विचारते.” आणि थोड्या वेळाने, “तीन वाजता बसा मॅडम. दोघी बसा. त्यांच्या कीबोर्डमधून फुलाची पाकळी निघालीये.”

दुपारी आत्या खोलीत गेली आणि दार लावलं. आत दुसऱ्या कोणी असायचं नाही हा टेस्टचा नियम. पण आमच्या घरातल्या कुठल्याही दारातून सगळं ऐकू येतं. मी आणि बाबा दाराला कान लावून बसलो.

आतून एका सरांचा आवाज यायला लागला, रेकॉर्ड केलेला. इतिहासाचा तास. सर वसईचा तह शिकवत होते, झोपाळू आवाजात, प्रत्येक शब्द चघळून. आणि त्यांच्या मागोमाग आत्याची बोटं. सर हळू, बोटं हळू. सर भरभर, बोटं भरभर. सर खोकले की बोटं थांबायची. बाबांनी हळूच मान डोलवली, गाण्याला देतात तशी दाद.

मग सर म्हणाले, “मागचा बाक झोपलाय. झोपू द्या. हळूच तहावर सही घेऊन टाकू त्यांची.” आणि सगळा वर्ग हसला.

बोटं थांबलेली. वर्ग हसून संपला, सर पुढे बोलायला लागले, आणि बोटं चालू झाली नाहीत. मी बाबांचा दंड पकडला. आतून नुसता सरांचा आवाज. संपलं, मला वाटलं, परत करंगळी. आणि मग एकदम बोटं सुटली, अशी की मी आत्याला इतकं भरभर टाइप करताना कधी ऐकलं नव्हतं. मागे पडलेलं सगळं पकडत, सरांना गाठत, आणि शेवटच्या वाक्याला त्यांच्याबरोबर थांबली.

दार उघडलं. आत्याचे केस जागच्या जागी होते, साडीची घडी मोडली नव्हती, पण चेहरा असा की सकाळी पासवर्ड चुकला तेव्हा काहीच झालं नव्हतं म्हणावं.

“काय झालं ताई? मध्ये का थांबलीस?”

“सरांनी विनोद केला.”

“हो, ऐकला. मग?”

“मग काय? विनोद टाइप नाही करायचा. आमचे साहेब डिक्टेशन देताना मधेच विनोद करायचे, ते कधी कागदावर आले नाहीत. कामाचं तेवढं घ्यायचं. मी सोडून दिला.” ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी होती. “तर कोपऱ्यात एक चौकट उघडली. टेस्ट वाचायला एक मुलगी बसवतात, संपदा म्हणून. तिला ऐकू येत नाही, समोर वर्गाचा व्हिडिओ दिसतो. तिने लिहिलं, सगळे का हसले?”

“मग?”

“मी बघतच राहिले. तिने परत लिहिलं. हा माझाच वर्ग आहे. मी त्या दिवशी तिथेच बसले होते. सगळे हसले आणि मीही हसले, पण का ते मला आजवर कळलं नाही.”

बाबांची सर्दी जरा वाढली.

“मग टाकला मी विनोद,” आत्या म्हणाली. “जसाच्या तसा. आणि ती हसली, पंढरी. चौकटीत लिहून हसली. मी एवढं आयुष्य टाइप केलं, पण पलीकडून कधी कोणी हसलं नव्हतं.”

संध्याकाळी फोन वाजला. मनालीचा. आत्याने स्पीकर लावला नाही, कानाला लावला, आणि आम्हाला नुसता तिचाच भाग ऐकू आला. “हो... हो... सोमवारपासून?... संपदाच्याच वर्गाला?... तिने सांगितलं?... काय सांगितलं?”

आणि मग ती ऐकत राहिली. तिचे डोळे मोठे होत गेले, एवढे की बाबा खुर्ची ओढून तिच्यामागे उभे राहिले. तिने फोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळली, पुरती हादरलेली.

“मला घेतलं. पण संपदाची अट आहे. एकही विनोद गाळायचा नाही म्हणते.”

“मग बरंच आहे की!”

“बरं काय, पंढरी? ऐकलास ना तू तो? फार वाईट विनोद करतात रे ते सर! आणि मला आता ते सगळे टाइप करायचेत!”